गोधडी बघायची कशी?

प्रदर्शनात टांगलेल्या गोधडीपुढे माणसं क्षणभर थांबतात, रंगांचं कौतुक करतात आणि पुढच्या दालनात जातात. घरातल्या गोधडीच्या वाट्याला तेवढंही येत नाही. ती अंगावर असते, पायाशी असते, गच्चीत उन्हाला पडलेली असते, पण बघायची वस्तू म्हणून तिच्याकडे कुणी वळत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. नक्षी कशी जन्माला येते आणि ती पुन्हापुन्हा येताना काय काय घडतं, हे इतक्या जवळून दाखवणारी दुसरी वस्तू आपल्या घरांत क्वचितच असेल. ती बघायला शिक्षण लागत नाही, सवय लागते. ती कशी लावायची ते पुढे पायरीपायरीने सांगते.

शिवणकाम येत नसलं तरी चालेल. लागेल ते एवढंच: एक गोधडी (घरची, शेजारची किंवा प्रदर्शनातली), गणिताच्या वहीतला चौकटींचा कागद, पेन्सिल, फोन आणि अर्धा-पाऊण तास. शिवाय एक सूत्र, जे अगदी शेवटपर्यंत कामाला येईल: आधी नियम शोधा, मग तो कुठे मोडलाय ते शोधा. नियम बहुतेक वेळा आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून आलेला असतो. तो मोडायचा निर्णय मात्र गोधडी करणाऱ्या बाईने एकटीने घेतलेला असतो.

१. पसरा, आणि आधी लांबून बघा

घरची गोधडी असेल तर ती पलंगावर नको, जमिनीवर पसरा. पलंगावर कडा खाली लोंबतात, आणि काम सुरू कुठून झालं हे कडाच सांगतात. खिडकीतून तिरपा उजेड येत असेल अशी वेळ निवडा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये गोधडी सपाट दिसते. तिरप्या उजेडात टाक्यांच्या रांगा उठून येतात.

आता स्टुलावर किंवा खुर्चीवर उभं राहून वरून बघा. डोळे अर्धवट मिटा. फुलं, बुट्टे, काठ असे सगळे तपशील पुसट होतील आणि उरतील फक्त गडद आणि फिकट भाग. गोधडीचा सांगाडा तो हाच. फोनवर एक फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघा, म्हणजे हे आणखी स्पष्ट होईल. रंग आपल्याला फसवतात. लाल आणि हिरवा शेजारी असले की आपल्याला वाटतं, केवढा विरोध आहे. पण दोन्ही सारखेच गडद असतील तर काळ्या-पांढऱ्या फोटोत त्यांचा एकच करडा डाग होतो. उलट गर्द इरकलीला लागून जुन्या धोतराची एक पट्टी आली, तर ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसते. डोळ्याला पुढे नेणारी लय बहुतेक वेळा या गडद-फिकटातून येते, रंगांतून कमी.

या पायरीवर मत बनवू नका. फक्त डोळा आधी कुठे गेला आणि तिथून कुठे सरकला, ते कागदावर बाणाने दाखवा.

२. तीन थर ओळखा

गोधडीला वरचं कापड असतं, पोटात भर असते आणि पाठीला अस्तर असतं. आपल्याकडच्या गोधडीत कापूस सहसा नसतो. भर म्हणजे जुनेर: विरलेली लुगडी, धोतरं, मांजरपाट. एखादी कड उसवली असेल तर बोटाने हलकेच उचलून आत बघा, थर मोजता येतात. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हिलाच वाकळ म्हणतात. बाळासाठी केलेलं लहान, मऊ ते दुपटं. लुगडं मध्ये फाटलं की फाटका भाग काढून दोन तुकडे जोडायचे, याला दंड घालणं म्हणतात. असं दंड घातलेलं लुगडंही पुढे गोधडीच्या पोटात जातं. म्हणजे काही कापडांची ही तिसरी पाळी असते.

वरून बघताना गोधडी तीनपैकी कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा, कारण प्रत्येक प्रकारात नियम वेगळ्या ठिकाणी लपलेला असतो.

पहिल्या प्रकारात वर एकच अखंड कापड असतं, बहुधा साडी. नक्षी असते ती टाक्यांची. दुसऱ्या प्रकारात वेगवेगळ्या तुकड्यांची, पट्ट्यांची मांडणी असते. कधी साडीचे काठ चौकटीसारखे चारी बाजूंनी फिरवलेले असतात, कधी खणाच्या चिंध्यांचे त्रिकोण असतात. तिसऱ्या प्रकारात एकच ठरलेला चौकोन, ज्याला क्विल्ट (म्हणजे पाश्चात्त्य गोधडी) करणारे ब्लॉक म्हणतात, तो पुन्हापुन्हा करून शेजारी शेजारी जोडलेला असतो. अमेरिकेतल्या क्विल्टमध्ये हा तिसरा प्रकार फार दिसतो. आपल्याकडे पहिले दोन जास्त.

३. नियम शोधा

ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या कुणालाही ही पायरी अवघड जाणार नाही. रांगोळीत एक पाकळी जमली की उरलेल्या पाकळ्या आपोआप कळतात. इथेही तोच एक तुकडा शोधायचा आहे, जो समजला की बाकीचं पुढे चालू ठेवता येईल.

तो सापडला की त्याचं पुढे काय केलंय ते विचारा. नुसता सरकवलाय का? एक सोडून एक असा आलाय का? पाव फेरी फिरवलाय का? आरशात धरल्यासारखा उलटलाय का? की मधल्या एका तुकड्याभोवती चौकटीवर चौकट चढत गेली आहे? नक्षी कितीही गुंतागुंतीची वाटली तरी बहुतेक वेळा या पाचांतल्या एकदोन गोष्टींचाच तो खेळ असतो.

वाचून हे पटणार नाही, म्हणून हाताने करून बघा. कागदाचे सारख्या मापाचे १६ चौकोन कापा. प्रत्येकावर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात रेघ मारून अर्धा भाग गडद रंगवा. झाला तुमचा ब्लॉक. प्रत्येक चौकोन चार दिशांनी ठेवता येतो. चार चौकोन दोन बाय दोन असे मांडायचे म्हटले तर ४ × ४ × ४ × ४, म्हणजे २५६ मांडण्या होतात. सगळे एकाच दिशेने ठेवले तर दातेरी पट्टे मिळतात. चारही गडद कोपरे मध्यबिंदूकडे केले तर मध्ये हिरा उभा राहतो. चारही कर्ण मध्यबिंदूत येतील असे धरून प्रत्येक पुढचा चौकोन पाव फेरी फिरवत नेला तर भिंगरी होते. आता सोळाच्या सोळा घेऊन चार भिंगऱ्या शेजारी शेजारी मांडा आणि लांबून बघा: भिंगऱ्यांच्या मधल्या जागेत तुम्ही न मांडलेली एक आकृती दिसू लागेल. क्विल्ट करणाऱ्या बायकांना ही दुसरी, आपोआप उगवणारी नक्षी पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. युरोपात सेबास्तियाँ त्रूशे या फ्रेंच पाद्र्याने याच कर्णावर दुरंगी झालेल्या चौकोनी फरशीच्या मांडण्यांवर १७०४ मध्ये निबंध लिहिला. गणितात त्या फरश्यांना आजही त्याचंच नाव आहे.

दुसरा सराव लॉग कॅबिन नावाच्या क्विल्टच्या ब्लॉकचा. मध्ये एक छोटा चौकोन, त्याच्याभोवती एकेक पट्टी फिरवत जोडत जायची. दोन लगतच्या बाजूंना फिकट पट्ट्या, उरलेल्या दोन बाजूंना गडद. मधला चौकोन परंपरेने लाल ठेवतात आणि ती घरातली चूल असं सांगतात. एकाच ब्लॉकच्या दिशा बदलून शेतातले नांगरटीचे तास, हिरे, नागमोडी असं वाटेल ते करता येतं. ब्लॉक तसाच राहतो, बदलते ती मांडणी, आणि तेवढ्याने अख्खी गोधडी ओळखू येईनाशी होते. पुनरावृत्ती कंटाळवाणी असते असं ज्यांना वाटतं त्यांनी लॉग कॅबिनचे सोळा ब्लॉक एकदा कागदावर फिरवून बघावेत.

४. टाक्यांजवळ या

आता गुडघ्यावर बसा. गोधडीचा टाका म्हणजे साधा धावदोरा: सुई खाली, सुई वर. शिवणात याहून सोपं काही नसेल. पण हा टाका हजारो वेळा घातला की कापडाला लाटा येतात, आणि त्या लाटांचा स्पर्श कुठल्याही विकतच्या रजईला नाही. प्रदर्शनात हात लावायला मनाई असते, म्हणून ही पायरी घरच्या गोधडीवरच करा.

तळहात टाक्यांच्या दिशेने फिरवा, मग आडवा फिरवा. फरक लगेच कळतो. आता रांगा कशा चालल्यात ते बघा. बऱ्याच गोधड्यांत रांग कडेला समांतर सुरू होते, कोपऱ्यावर वळते, चारी बाजू फिरून आत येते आणि शेवटी मध्यात संपते; चौकटीत चौकट, चौकटीत चौकट. काहींत सगळ्या रांगा एकाच दिशेने सरळ जातात. शेजारच्या रांगेतला टाका पहिल्या रांगेतल्या टाक्याच्या बरोबरीने पडलाय की दोन टाक्यांच्या मधल्या फटीसमोर, तेही पाहा. बरोबरीने पडले की कापडावर आडव्या नळ्या दिसतात. फटीसमोर पडले की विटांच्या भिंतीसारखी वीण होते.

एक वीतभर जागा निवडून टाके मोजा. मग गोधडीच्या दुसऱ्या टोकाला तेवढीच जागा मोजा. आकडे जुळणार नाहीत. एका बाजूला टाका बारीक आणि घट्ट, दुसरीकडे लांब आणि सैल दिसला तर तिथे हात बदलला असण्याची शक्यता आहे. गोधडी अनेकदा दोघीतिघी मिळून भरतात, समोरासमोर बसून, प्रत्येकीने आपल्या बाजूने आत येत. दोऱ्याचा रंग कुठे बदलला तेही बघा. बंगालच्या जुन्या कांथांमध्ये, म्हणजे तिथल्या गोधड्यांमध्ये, तर दोराही विकतचा नसायचा. साडीच्या काठातून रंगीत सूत ओढून काढत आणि त्यानेच भरत. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयातला कांथांचा संग्रह प्रसिद्ध आहे, आणि कला-इतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी जमवलेल्या कांथा अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयात आहेत. कांथेत मोर, हत्ती, कमळं असतात म्हणून सगळे चित्रांकडे बघतात. तुम्ही चित्रांच्या मधल्या पांढऱ्या जागेकडे बघा. ती रिकामी नसते. पांढऱ्यावर पांढऱ्या धावदोऱ्याने भरलेली असते, आणि टाक्यांच्या रांगा चित्राच्या कडेकडेने वळत जातात.

गोधडी उलटी करायला विसरू नका. पाठीवर तुकडे नसतात, फक्त टाके असतात, त्यामुळे वरच्या रंगांच्या गर्दीत न दिसलेली लय तिथे उघडी पडते. मला स्वतःला पाठच अधिक आवडते.

५. नियम कुठे मोडला?

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि नवशिके इथेच चुकतात. नक्षी मध्येच बिघडलेली दिसली की एकतर "हाताने केलंय, चालायचंच" म्हणून सोडून देतात, नाहीतर त्यात काहीतरी गूढ अर्थ शोधतात. दोन्हीची घाई नको. नियम मोडलेली प्रत्येक जागा कागदावर फुलीने दाखवा आणि मग एकेका फुलीला प्रश्न विचारा.

कापड संपलं का? पट्टी अर्ध्यावर तुटून पुढे साधारण त्याच रंगाचं, पण वेगळं कापड आलं असेल तर उत्तर बहुधा हो असतं. तरीही बदली कापड कसं निवडलंय ते पाहा. हाताला लागलं ते लावलं, की तितकंच गडद शोधून लावलं? दुसरं असेल तर नक्षी तिच्या डोक्यात पक्की होती. कापड संपलं, नक्षी थांबली नाही.

तिथे आधी भोक होतं का? एखादं ठिगळ बाकीच्या मांडणीत अजिबात बसत नसेल आणि त्याच्या कडेचे टाके वेगळ्या दोऱ्याचे असतील, तर ते मागाहून आलेलं आहे. ती गोधडीची दुरुस्ती आहे, मूळ आराखडा नाही.

ते एकदाच झालंय की पुन्हा दिसतं? हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. डावीकडे वर एक केशरी तुकडा नियमाबाहेर आला आणि उजवीकडे खाली त्याच केशरीचा दुसरा तुकडा सापडला, तर तो अपघात नव्हे. तिने पहिला लावला, मागे सरकून बघितलं आणि दुसरीकडे त्याला जोड दिला. नियम मोडून तिने दुसरा नियम केला.

हे सगळं समजून घ्यायला अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीच्या क्विल्टइतकी चांगली शाळा नाही. अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणात, तीन बाजूंनी पाणी असलेली ही वस्ती. इथली बरीच कुटुंबं मळ्यावर गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकी लोकांची वंशज, आणि अनेकांचं आडनावही मळेवाल्याचंच, पेटवे. पत्र्याच्या, लाकडाच्या घरांत थंडी थोपवायला बायका क्विल्ट करत. १९६६ मध्ये नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात त्या भागात फ्रीडम क्विल्टिंग बी ही बायकांची सहकारी संस्था निघाली. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ही क्विल्ट भिंतीवर लागली, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली.

तिथला एक आवडता प्रकार हाऊसटॉप. मध्ये एक तुकडा, भोवती पट्ट्यांच्या चौकटी, म्हणजे वर सांगितलेल्या लॉग कॅबिनचा जवळचा नातलग. नियम मुलांनाही कळेल इतका सोपा. पण पाच हाऊसटॉप शेजारी ठेवून बघा, इंटरनेटवर त्यांचे उत्तम फोटो आहेत. एकीचा मधला तुकडा मध्यावर नाहीच, कोपऱ्याकडे सरकलाय, त्यामुळे सगळ्या चौकटी एका बाजूला दाटल्यात. दुसरीच्या पट्ट्या सरळ नाहीत, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला चिंचोळ्या, आणि सपाट कापड डोलल्यासारखं दिसतं. तिसरीने तीन बाजूंना गडद पट्ट्या लावून चौथीला अचानक पांढरी लावली. ठरलेल्या नमुन्यावर न चालता आपल्या मनाने केलेल्या क्विल्टला तिथल्या बायका "माझ्या पद्धतीची" म्हणतात.

कापडही त्यांना नक्षी पुरवतं. कामाच्या जुन्या डेनिम पँटी उसवून त्यांचे पाय पट्ट्यांसारखे जोडलेले असतात. गुडघ्यावर निळा रंग उडून पांढुरका झालेला. खिसा उसवून काढला तिथे उन्हापासून झाकलेलं कापड गडद निळं राहिलेलं. त्या खिशाच्या आकाराचा गडद चौकोन क्विल्टभर इथे तिथे येतो आणि नक्षी होतो. कुणी तो रंगवला नाही, पण तो कुठे बसवायचा हे ठरवलं. मिसुरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांचं क्विल्ट केलं, त्याची आठवण राहावी आणि ते पांघरता यावं म्हणून. हे माहीत नसताना ते क्विल्ट बघा, फिकट आणि गडद आयतांची शांत मांडणी दिसते. माहीत झाल्यावर पुन्हा बघा. एखादा डाग, एखादं विरलेलं ठिकाण आता त्या माणसाच्या अंगाचं वाटतं.

१९७२ मध्ये फ्रीडम क्विल्टिंग बी या सहकारी संस्थेला सीअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयचे, म्हणजे उभ्या उठावदार रेघांच्या जाड कापडाचे, उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. उरलेल्या चिंध्या गावात आल्या आणि जीज बेंडच्या क्विल्टमध्ये मोहरी, विटकरी, शेवाळी अशा रंगांचे जाड कॉर्डरॉयचे तुकडे आले. म्हणून नक्षी बघताना हाही प्रश्न ठेवा: हे कापड त्या वर्षी त्या गावात कुठून आलं?

६. कवंदीवर सराव करा

आपल्याला जवळची, आणि या सगळ्या पायऱ्या एकत्र वापरता येतील अशी गोष्ट म्हणजे कर्नाटकातल्या उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची तुकड्यांची गोधडी. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या लोकांपैकी बरेच जण पळून घाटातल्या जंगलात शिरले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांतले सिद्दी बहुतांशी त्यांचे वंशज. काही ख्रिस्ती, काही मुसलमान, काही हिंदू. अनेकांच्या घरात कोकणीच्या जवळची बोली आहे, त्यामुळे मराठी माणसाला तिथे फारसं परकं वाटत नाही. हेन्री ड्रूअल या अमेरिकन कला-इतिहासकाराने या कवंद्यांवर बरंच काम केलं. २००४ मध्ये सिद्दी बायकांची क्विल्टची सहकारी संस्था उभी राहिली त्यातही त्यांचा हात होता.

कवंदी कडेपासून सुरू होते. खाली पूर्ण मापाचं अस्तर, बहुधा साडी. कोपऱ्यावर पहिला तुकडा, त्याच्या कडा आत दुमडून धावदोऱ्याने थेट अस्तरावर शिवलेला. मग त्याला लागून पुढचा, मग पुढचा. चारी बाजू फिरून आत, पुन्हा फिरून आत, शेवटी मधली जागा भरली की काम झालं. तुकडे आधी जोडून मग गोधडी भरायची असे दोन टप्पे इथे नाहीत. जोडणं आणि भरणं एकाच टाक्यात होतं. त्यामुळे कवंदी बघताना मध्यातून नव्हे, कोपऱ्यातून सुरुवात करा आणि बोट हवेत धरून टाक्यांच्या मागे मागे जा. ज्या क्रमाने तुकडे लागले त्याच क्रमाने तुम्ही त्या बाईचे निर्णय बघत जाल: इथे तिच्याकडे हिरवं होतं, इथे संपलं, इथे मुलीच्या फ्रॉकचं फुलाफुलांचं कापड हाताला लागलं. मधोमध पोचेपर्यंत तुकडे लहान झाले असतील, किंवा उलट एक मोठा तुकडा लावून काम उरकलं असेल, तर त्याचंही कारण शोधा.

आता चारही कोपरे बघा. तिथे कापडाच्या घड्या घालून एकावर एक बसवलेले त्रिकोणी झुपके असतील. त्यांना फूल म्हणतात. ऊब द्यायला त्यांचा काही उपयोग नाही, कामाला वेळ मात्र लागतो. तरी फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या बायका मानत नाहीत. नक्षी ही उरलेल्या वेळात केलेली सजावट आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी ही चार फुलं दाखवते.

घरात मराठी गोधडी असेल तर ती आणि कवंदीचा फोटो शेजारी ठेवा. कडेपासून आत येणारे टाके दोन्हींत सापडतील. तुकड्यांचं धाडस कवंदीत जास्त. काठांचा वापर आपल्याकडे जास्त, कारण लुगड्याचा काठ सगळ्यात शेवटी विरतो.

७. कापडावरून लाकडावर गेलेली नक्षी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना ओहायो, केंटकी, आयोवाच्या गावरस्त्यांवरून जाताना धान्याच्या, गुरांच्या कोठारांवर रंगवलेले मोठे चौकोन दिसले असतील. ती क्विल्टचीच नक्षी, फक्त लाकडावर. २००१ मध्ये ओहायोच्या ॲडम्स काउंटीत डोना सू ग्रोव्ह्‌ज यांनी क्विल्ट करणाऱ्या आपल्या आईच्या, मॅक्सीन यांच्या सन्मानार्थ ही कल्पना सुरू केली आणि ती अनेक राज्यांत पसरली. पहिला चौकोन ओहायो स्टारचा होता. तो चौकटींच्या कागदावर काढून बघा: तीन बाय तीन घरं, चार कोपरे आणि मधलं घर साधं, उरलेली चार घरं दोन्ही कर्णांनी चार त्रिकोणांत कापलेली. वरचं आणि खालचं घर सारखं. डावं आणि उजवं म्हणजे तेच पाव फेरी फिरवलेलं. एवढ्यावर तारा उभा राहतो.

या चौकोनांवर पाचवी पायरी फारशी चालत नाही. पट्टी धरून, टेप लावून रंगवलेल्या नक्षीत कापड संपत नाही, टाका सैल पडत नाही. इथे बघायचं ते मागचं कोठार: नक्षीचा चौकोन आणि पत्र्याचा उतार, लाकडाच्या फळ्या, शेत यांचा मेळ कसा बसतो. तिसऱ्या पायरीच्या सरावाला मात्र हे चौकोन फार सोयीचे आहेत, कारण नियम स्वच्छ दिसतो.

८. गोष्टी ऐका, पण पारखून घ्या

क्विल्टबद्दल दोन गोष्टी तुम्हाला हमखास ऐकायला मिळतील. एक, परिपूर्ण फक्त देव, म्हणून बायका क्विल्टमध्ये मुद्दाम एक चूक ठेवत. दुसरी, अमेरिकेत पळणाऱ्या गुलामांना वाट दाखवायला क्विल्टच्या नक्षीत गुप्त खुणा असत. दोन्ही ऐकायला मोहक आहेत, आणि क्विल्टच्या इतिहासाच्या अभ्यासकांना दोन्हींना भक्कम पुरावा सापडलेला नाही. मला या गोष्टींची खंत वेगळ्या कारणाने वाटते. त्या सांगितल्या की माणसं समोरच्या कापडाकडे बघायचं थांबतात. मुद्दाम ठेवलेली चूक म्हटलं की संपलं; मग कापड कुठे संपलं, जोड कुठे दिला, हात कुठे बदलला, हे कुणी विचारत नाही.

९. जिने केली तिला विचारा

ती हयात असेल तर सगळ्यात आधी हेच करा. "किती दिवस लागले?" हा प्रश्न सगळे विचारतात, त्याने फार काही कळत नाही. त्याऐवजी गोधडीवर बोट ठेवून विचारा. "आजी, इथं हे निळं का लावलं?" "सुरुवात कुठल्या कोपऱ्यातनं केली?" "हे लुगडं कुणाचं?" "ही रांग तुमची का दुसऱ्या कुणाची?" बोट ठेवल्यावर आठवणी नेमक्या येतात. "अगं, ते मामंजींचं धोतर" असं उत्तर आलं की ती पट्टी तुम्हाला कायमची वेगळी दिसू लागते. उत्तर "काही नाही, होतं म्हणून लावलं" असं आलं तरी लिहून ठेवा, तेही खरं उत्तर आहे. फोटो काढायच्या आधी विचारा. विकत घेत असाल तर घासाघीस करू नका; चौथ्या पायरीत वीतभर टाके मोजले असतील तर अख्ख्या गोधडीत किती असतील याचा अंदाज तुम्हीच करू शकता.

शेवटी नोंद. चौकटींच्या कागदावर गोधडीचा आराखडा काढा, मूळ तुकडा वेगळा रंगवा, फुल्या मारा, प्रत्येक कापडाला आकडा द्या आणि खाली यादी करा: १ आजीची इरकल, २ मामंजींचं धोतर, ३ ताईचा शाळेचा फ्रॉक. करणारीचं नाव, गाव आणि अंदाजे वर्ष लिहा. कागद गोधडीच्या घडीत ठेवू नका, त्याची शाई उतरते. त्याचा फोटो काढून घरातल्यांना पाठवा. गोधडी सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आणि दर काही महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या ठिकाणी घाला, नाहीतर विरलेलं लुगडं घडीच्या रेघेवरच फाटतं.